बिनदाराच्या घरातली चांदी

निघताना आईने बॅगेला कुलूप लावू दिलं नाही. "शनिदेव बघतोय ना? मग कुलपाचं काय काम?" शनिशिंगणापुरातल्या आमच्या घराला चौकट आहे, दार नाही, पडदा तेवढा. आईच्या लेखी कुलूप म्हणजे देवावर अविश्वास. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, गाडीत बसताना हातात एक गारगोटी ठेवली, विहीर खोदताना काळ्या खडकाच्या पोटातून निघालेली. "असल्याच दगडावर शिकनार ना तू? मग घरचा असू दे संगं."

जर्मनीतल्या प्रयोगशाळेत मी झिओलाइटवर काम करतो. आमच्या विहिरीतली गारगोटी याच जातीची. हे खनिज आतून पोकळ, नुसत्या बारीक बारीक खोल्या. त्यांत मी चांदी भरतो आणि वरून गंधकाचा वायू सोडतो. आईची जोडवी काळी पडतात ती चांदी आणि गंधकाच्या याच संयोगाने. इथे मात्र एका खोलीत मोजकेच अणू मावतात, आणि अतिनील दिवा धरला की ते नारिंगी उजळतात. बाहेर येऊन एकमेकांना चिकटले, की पुन्हा जोडव्यांसारखे काळे. गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना यातून काही अर्थ काढायचा तर त्यांनी खुशाल काढावा. मी त्या भानगडीत पडत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात माझा एक नमुना विझला. बाटलीचं झाकण उघडंच राहिलं होतं आणि हवेतली ओल आत शिरली. आमच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, तुमच्याकडे दारं लावत नाहीत का? मी म्हटलं, नाही लावत. त्यांना तो विनोद वाटला. नमुना भट्टीत सुकवल्यावर चमक परत आली. आता मी बाटली, फ्लॅट, सायकल, सगळं बंद करतो आणि वर ओढूनही बघतो.

यंदा अप्पांचा फोन आला. आईचे गुडघे गेलेत, म्हणून दोघं नगरला थोरल्या भावाकडे राहायला निघाले होते. "घर बंद करायचं तर दार लागतं, आन आपल्यात दार लावत न्हाईत. तू माघारी येनार असशील तर तसंच ठिवतो. न्हाईतर तुझ्या चुलतभावाला, संजूला, ऱ्हायला देतो. सांग बाबा, काय ते."

"द्या त्याला," मी म्हणालो. फोन ठेवला आणि मला रडू आलं.

दिवाळीत गेलो. पडदा नवा होता. चौकटीशी थांबून मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "येऊ का?"

आतून वहिनी, संजूची बायको, म्हणाली, "या की भावजी. हितं दार कुठं हाय इचारायला?"

दार नव्हतंच. तरी तिने पडदा बाजूला करेपर्यंत मी बाहेरच उभा राहिलो.