दुमानीचं झाड

रुश्तूकाका वनखात्यातून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली, पण अजूनही सकाळी चहाचा दुसरा पेला संपला की काठी उचलतात आणि झाडं तपासायला निघतात. झाडं म्हणजे झाडांवरची अळंबी. खोडाला फळीसारखी चिकटून बसणारी, लाकडासारखी कठीण. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे लग्न होऊन या गावात आल्यापासून मी त्यांचा संसार ऐकत आलेय. ऐकत म्हणते, कारण नाझमियेकाकूंना हळू बोलता येत नाही.

त्यांच्या घरी खुर्चीवर बसायचं तर आधी अळंबी उचलावी लागते, आणि दिवाणावर बसायचं तर वह्या. या वह्या म्हणजे लोककवितांची जुनी हस्तलिखितं, अरुंद आणि लांब, वासराच्या जिभेसारखी खाली उलगडणारी. काकांना ती जुनी लिपी आजोबांनी शिकवली. अंकाऱ्याहून दोन प्राध्यापक त्यांना पत्रं लिहितात. एकाला वाटतं काका अळंबीतले जाणकार, दुसऱ्याला वाटतं कवितेतले. त्या दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

“आणि मला विचारलं तर सांगेन, धुळीतले,” काकू म्हणतात.

काकू खालच्या गावच्या. आमचं वरचं गाव आणि त्यांचं खालचं गाव यांच्यात एकच भांडण, पण जुनं: दुमानी कोणाचा? दुमानी हा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गाणी रचत फिरणारा कवी. त्याचं एक गाणं दोन्ही गावांत लग्नात म्हणतात. झाडावरच्या अळंबीचं गाणं आहे. आम्ही म्हणतो ती अळंबी कायीनच्या झाडावरची, कारण कायीनचं जंगल आमच्या डोंगरावर. ते म्हणतात तुतीवरची, कारण तुती त्यांच्या परसात. आमच्या उंचीवर ती धरत नाही. लग्नानंतर चाळीस वर्षं काका-काकू याच एका झाडावरून भांडत आलेत.

या शरद ऋतूत नगरपालिकेनं ठरवलं, दुमानीचं गाव नक्की करायचं आणि तिथल्या पाणवठ्यावर त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची. हस्तलिखित काकांकडे, तेव्हा निर्णयही काकांचा. आमच्या गावचे मुख्तार, म्हणजे सरपंच, नेजाती लगेच येऊन बसले.

“रुश्तूभाऊ, दोनच ओळी लिहा. दुमानी आपला. शुक्रवारी पत्र न्यायला येतो.”

“पुरावा बघतो आणि लिहितो.”

“पुरावा कसला? तुम्ही आपलेच ना?”

काकू चहा घेऊन आल्या. “नेजाती, साखरेचे खडे दोन की चार? खोटं बोलून तोंड कडू झालं असेल.”

वहीत ते गाणं होतं. शेवटच्या कडव्यात दुमानीचं नावही होतं. पण झाडाचं नाव जिथे हवं, नेमकं तिथे किड्यानं भोक पाडलेलं. वहीच्या पहिल्या पानावर कुणीतरी रिवाजाप्रमाणे किड्यांच्या राजाला साकडं घातलं होतं, की या वहीला तोंड लावू देऊ नकोस. राजा त्या दिवशी बाहेरगावी असावा.

बुधवारी काका मागच्या दारानं माझ्याकडे आले. “मुली, दोन जुनी पातेली दे. काकूला सांगू नकोस.”

खिशातून त्यांनी लोकरीचे दोन गुंडे काढले, काकूंच्याच टोपलीतले. एका पिशवीत कायीनवरची अळंबी, दुसरीत तुतीवरची. ती आणायला सकाळी खाली उतरून आले होते. गाण्यात लिहिलंय,

*उन्हाळ्यात खोडावर रडते, थंडीत काळी पडून गळते,*
*सखीच्या हातची लोकर मात्र पिवळी करून जाते.*

दोन्ही अळंबी ठेचून, चिमूटभर तुरटी टाकून आम्ही उकळायला ठेवली. तासाभरानं कायीनच्या पातेल्यातली लोकर बाहेर काढली तर शिळ्या चहाच्या रंगाची. तुतीच्या पातेल्यातली अंड्याच्या बलकासारखी पिवळीधमक.

काका स्टुलावर बसले. “आणि कायीनवरची थंडीत गळतही नाही गं. वर्षानुवर्षं थरावर थर चढवत खोडाला धरून असते. तीस वर्षं जंगलात हेच बघितलं. पण गाणं म्हणताना एकदाही डोक्यात आलं नाही.”

“आपल्या लोकांनी झाड बदललं म्हणायचं?”

“बदललं. आणि मी ठणकावून गायलो.”

तेवढ्यात काकू लोकर शोधत दारात उभ्या. त्यांनी पिवळा गुंडा उचलला, उजेडात धरला. मला वाटलं, आता सात घरं ऐकतील. त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या आईच्या कमरपट्ट्याचा रंग.”

काकांनी सगळं सांगितलं. काकू खाली बसल्या.

“हे लिहिलंत तर तो नेजाती तुम्हाला कॉफीखान्यात बसू देईल?”

“नाही देणार.”

“मग नका लिहू. मला कळलं, तेवढं पुरे.”

“तुला चाळीस वर्षं कळलेलंच होतं. मलाच कळायचं राहिलं होतं,” काका म्हणाले, आणि माझ्याकडेच पेन मागितलं.

शुक्रवारी मुख्तारांनी अंगणात उभं राहून पत्र वाचलं. परत वाचलं. “बायकोनं फितवलं तुम्हाला!”

“अळंबीनं फितवलं. उकळून बघ हवं तर, पातेली शेजारीच आहेत.”

“रुश्तूभाऊ, निदान ‘बहुधा’ तरी घाला.”

“बहुधा नाही रे. नक्की.”

मुख्तार पत्र खिशात कोंबून सलाम न करता गेले. काका तसेच उभे, रिकामे हात घेऊन. कॉफीखान्याची वेळ झाली होती आणि जायला जागा नव्हती.

काकू आतून सणावाराचा कोट घालून आल्या. काकांची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

“चला. माझ्या भावांना सांगायचंय.”

“आत्ता? पायी?”

“पायीच. खाली जाईपर्यंत मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. चाळीस वर्षांचं साठलंय.”

“आणि वर येताना?”

“ते खाली गेल्यावर ठरवू. तिथे तुम्हाला खांद्यावर घेऊन नाचतील, येऊ देतील तर याल.”

दोघं उतरणीला लागले. दुसऱ्या वळणापर्यंत मला काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आणि मध्ये मध्ये काकांचं हसणं.