मुद्देमालातला आवाज

पोलीस खात्यात हयात गेली. हाताळलेले कित्येक गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे कुणी विचारलं तर मी गडबडतो. नेकनूर भागातल्या एका साध्या चोरीचा तपास मात्र पहिल्या फिर्यादीपासून शेवटच्या कागदापर्यंत लख्ख आठवतो. त्यात आरोपी सापडला, माल सापडला, दोषारोपपत्र वेळेत गेलं, वरिष्ठांनी पाठही थोपटली. तरीही त्या प्रकरणातली सगळ्यांत मोठी चूक माझी होती, आणि ती कबूल करायलाच हे लिहायला बसलो आहे. नावं कुणाचीच देणार नाही.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी उभे होते. पांढरा शुभ्र सदरा, पायात झिजलेल्या चपला. ठाणे अंमलदार त्यांना बसा म्हणत होता, पण ते बसत नव्हते.

"साहेब, माझं मशीन नेलं कुणीतरी," ते मला म्हणाले.

"कसलं मशीन? शिलाईचं?"

"न्हाई. वाजवायचं."

आमचा हवालदार मागून पुटपुटला, "इथं मोटारसायकली जायलेत चोरीला, अन् ह्यांची पेटी." मी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. पण खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं.

गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत. जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या गायन पार्टीत ते कीबोर्ड वाजवत आणि त्यांची पत्नी गात असे. बाई वारून सहा वर्षं झाली होती. पार्टी कधीच मोडली होती, उरला होता तो कीबोर्ड. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्राकडून चाळिशीत घेतलेला. तो साधा नव्हता, हे मला मास्तरांनीच समजावलं. माईकसमोर कुठलाही आवाज करायचा, मशीन तो आत घेतं आणि प्रत्येक पट्टीवर तोच आवाज उंच-खाली करून वाजवतं. मशीन बंद केलं की आवाज जातो, म्हणून तो फ्लॉपीवर साठवून ठेवायचा. फ्लॉपी म्हणजे संगणकाच्या जुन्या काळातली ती चौकोनी, चपटी चकती. अशा डझनभर फ्लॉप्या एका प्लॅस्टिकच्या डब्यात होत्या आणि डबाही गेला होता.

मास्तरांनी ते मशीन लेकरासारखं जपलेलं. बायकोने शिवलेलं निळं आवरण, त्यावर गोधडी. दर रविवारी मऊ फडक्याने पुसायचं आणि घटकाभर चालू ठेवायचं. आजही काही वादकांना या जुन्या मशीनचाच खरखरीत आवाज हवा असतो, आणि हौशी संग्राहक तर असा ओरखडा नसलेला नग कुठे मिळतो का, याच्या शोधातच असतात. मास्तरांच्या पुतण्याची मोबाइल दुरुस्तीची टपरी होती. त्याने मशीनचा व्हिडिओ काढून टाकला, तेव्हा पुण्या-मुंबईहून फोन आले होते. मास्तरांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, विकायचं नाही.

"मी तलवाड्याला लग्नाला गेलतो," मास्तर म्हणाले. "आलो तर गोधडी हाय, मशीन न्हाई."

"कुलूप तोडलं का?"

"न्हाई. कुलूप जसंच्या तसं."

"संशय कुणावर?"

त्यांनी खाली पाहिलं. "कुणावरच न्हाई, साहेब."

फिर्याद घेताना एवढं तरी शिकलो होतो. परक्यावर संशय असला की माणूस पाच नावं सांगतो. घरच्यावर असला की एकही सांगत नाही. कुलूप शाबूत होतं, याचा अर्थ चावी कुठे ठेवतात हे चोराला माहीत होतं. मी गुन्हा नोंदवून घेतला आणि पुतण्यावर नजर ठेवायला एक शिपाई लावला.

खबर आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. चार दिवसांनी बीडमधला वाद्यं दुरुस्त करणारा एक कारागीर स्वतः ठाण्यात आला. त्याच्याकडे एकजण, मशीनवरचं बटण काढून हातात घेऊन, या जातीच्या मशीनचं मूळ बटण शोधत आला होता. बटण बदललेलं आहे म्हणून घेणारा माल घ्यायला तयार नव्हता.

"साहेब, ते बदललेलं बटण मी ओळखलं," कारागीर म्हणाला. "जुन्या रेडिओचं हाय. मीच लावलंतं मास्तरच्या मशीनला." आणलं कुणी, असं विचारलं तर त्याने पुतण्याचंच वर्णन केलं.

पुतण्याला ठाण्यात आणलं. तिशीचा, तोंडाने गोड. पहिला तासभर तो मलाच धंदा शिकवत होता.

"साहेब, मशीन विकलं, न्हाई कुठं म्हणतो? पण ते काकाचं न्हाई. मी सोलापुरात भंगारात घेतलतं. अशी शेकड्यानं हायेत."

"पावती?"

"भंगाराची पावती कोण देतंय, साहेब?"

"काय बे, काकाचं मशीन गेलं त्याच आठवड्यात तुला सोलापुरात तसंच मशीन गावलं?"

तो हसला. मला राग आला, पण त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. मास्तरांकडेही पावती नव्हती, मशीनचा क्रमांक कुठे लिहिलेला नव्हता, आणि रेडिओचं बटण पुतण्याने काढून फेकून दिलं होतं. दोन सारख्या वस्तूंत आमची कुठली, हे सिद्ध करायला माझ्या हातात काहीच नव्हतं. घेणाऱ्याचा पत्ता तेवढा त्याने बिनधास्त दिला.

आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या ठाण्याला कळवून, दोन पंच घेऊन त्या वादकाच्या घरी पोहोचलो. बारीक अंगाचा, चष्मेवाला माणूस. एका खोलीत जुनी वाद्यं नुसती दाटीने लावलेली. आम्हाला बघून तो घाईघाईने खुर्च्या पुढे सरकवायला लागला. त्याने व्यवहार लपवला नाही, मशीन पुढे केलं, डबाही दिला. वर उत्साहाने सांगायला लागला की फ्लॉपी फार टिकत नाहीत, म्हणून आल्याबरोबर त्याने सगळ्यांची नक्कल संगणकावर करून ठेवली.

"यात एका बाईंचा आलाप आहे, साहेब. काय आवाज आहे! ऐका."

त्याने मशीनची एक पट्टी दाबली आणि खोलीत बाईचा आवाज घुमला. माझं डोकं फिरलं. चोरीचा माल घेतोस आणि वर परक्याच्या घरच्या बाईचा आवाज साठवून ठेवतोस? मी त्याला पंचांसमोर नको नको ते बोललो. त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती, तरी मी थांबलो नाही. मग हुकूम सोडला, "संगणकावरची नक्कल पुसून टाक. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने मान खाली घालून पुसलं. कायदा शिकणारा कुठलाही पोर आज मला सांगेल की मी स्वतःच पुरावा नष्ट करायला लावला. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी मास्तरांच्या घराची अब्रू राखली.

ठाण्यात ओळख पंचनामा ठेवला. पंच म्हणून शाळेतले एक शिक्षक आणि समोरचा हॉटेलवाला. एका बाजूला पुतण्या, दुसऱ्या बाजूला मास्तर. मशीन चालू करण्याआधी मी मास्तरांना विचारलं, "हे तुमचंच, हे कशावरून?"

त्यांनी डब्याकडे बोट केलं. "निळ्या पट्टीची फ्लॉपी घाला. काळी चार दाबा अन् दाबून धरा. आलाप सरला तरी बोट काढू नका. मग बाई बोलंल."

"काय बोलेल?"

"झालं का, म्हणंल."

मी ते शब्द आधी पंचनाम्यात लिहून घेतले, पंचांच्या सह्या घेतल्या आणि मगच फ्लॉपी आत सारली. मशीन बराच वेळ घरघरलं. काळी चार म्हणजे कोणती पट्टी, ते पंच असलेल्या शिक्षकांना ठाऊक होतं. त्यांनी ती दाबली. आलाप सुरू झाला, भरदार, मोकळा. तो संपला. क्षणभर नुसती खरखर. आणि मग अगदी जवळून, पदराने घाम टिपता टिपता विचारावं तसं, त्या बाई म्हणाल्या, "झालं का?"

रेकॉर्डिंग थांबलं असं समजून त्या बोलल्या होत्या. मास्तरांनी ते शब्द कापले नाहीत. कार्यक्रमात ते शब्दांच्या आधीच बोट उचलत. घरी एकटे असताना तेवढी पट्टी धरून ठेवत. म्हणून ते दोन शब्द जगात त्यांच्याशिवाय कुणी ऐकले नव्हते, त्याच घरात वाढलेल्या पुतण्यानेही नाही.

पुतण्या मास्तरांच्या पायाशी जाऊन बसला. आई लहानपणी गेल्यावर याच चुलतीने त्याला वाढवलं होतं. मी एक प्रश्नही विचारला नाही.

"मीच नेलं, काका," तो रडत म्हणाला. "तुमच्यामागं ते भंगारातच जाणार होतं. घेणारा तरी जपंल, म्हणून..."

"मला इचारायचं की रे," मास्तर एवढंच म्हणाले.

खबर, चौकशी, कबुली, सगळं जागच्या जागी बसलं. माझ्या हिशेबी तपास संपला होता. मुद्देमालाच्या यादीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं: एक जुना इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, सुस्थितीत, सोबत फ्लॉपीचा डबा व इतर किरकोळ साहित्य. कीबोर्ड कापडात गुंडाळून, लाखेचं सील मारून कपाटात ठेवला. डबा किरकोळ, म्हणून तो खाली जमिनीवर.

माल परत मिळण्याचा न्यायालयाचा आदेश यायला काही महिने लागले. मास्तर दर बाजाराच्या दिवशी येत, बाकावर बसत, विचारत, "आला का कागद?" मधल्या काळात मिरवणुकीत जप्त केलेले डीजेचे भलेमोठे स्पीकर आमच्या मुद्देमाल खोलीत येऊन पडले. जागा नव्हती. कुणीतरी ते त्या डब्यावरच रचले. अशा स्पीकरच्या पोटात चांगला जबर लोहचुंबक असतो आणि फ्लॉपीचं त्याच्याशी वैर असतं, हे मला फार उशिरा कळलं. खोलीची पाहणी दर आठवड्याला मीच करत होतो. ते स्पीकर मी दर वेळी पाहत होतो.

आदेश आला. सुपूर्दनाम्यावर सही घेतली आणि मास्तरांनी माझ्या खोलीतच मशीन लावलं. निळ्या पट्टीची फ्लॉपी आत घातली. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. काळी चार दाबली. काही नाही. त्यांनी फ्लॉपी काढून फुंकर मारली, परत घातली. दुसरी घातली, तिसरी घातली. सगळ्या कोऱ्या.

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी निळं आवरण नीट चढवलं आणि म्हणाले, "साहेब, चोरानं मशीन नेलतं. आवाज त्याच्या हातून न्हाई गेला."

कारागीर म्हणाला, जुन्या फ्लॉप्या तशाही दगा देतात. ती पळवाट मी घेतली नाही. मला शरम वाटली, आणि ती आजही वाटते.

मी पुण्याच्या वादकाला फोन लावला. नाव सांगताच त्याचा आवाज बदलला. "साहेब, तुमच्यासमोरच पुसलं. माझ्याकडे काही नाही." दुसऱ्यांदा केला, तेच. तिसऱ्यांदा त्याने उचललाच नाही.

घाबरलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा वाक्य शब्दशः तेच ठेवतो. त्याच्याकडे काहीतरी होतं. पण जन्मभर मी लोकांकडून खरं काढून घेत आलो होतो; ते मागायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. रजा टाकली, साध्या कपड्यांत बसने पुण्याला गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिच्यासमोर मी त्याला बोललो होतो, म्हणून तिच्यासमोरच हात जोडले आणि घडलं ते सगळं सांगितलं, स्पीकरसकट.

त्याने चष्मा काढून पुसला. मग कपाटातून संगणकाला जोडून माहिती साठवायची एक छोटी डबी काढली.

"साहेब, मी नक्कल नेहमी दोन ठिकाणी ठेवतो. एक तुमच्यासमोर पुसली. दुसरी नाही पुसली. हात धजला नाही. तुमचा हुकूम मोडला मी."

हुकूम मोडणाऱ्यांना मी नोकरीत कधी माफ केलं नव्हतं. त्या माणसाच्या मात्र मी पाया पडायचा तेवढा राहिलो.

त्याने नव्या फ्लॉपीवर आवाज उतरवला आणि तो देण्यासाठी माझ्याबरोबर नेकनूरला आला. मास्तरांनी मशीन चालू केलं. काळी चार दाबली, आलाप झाला, आणि त्यांनी पटकन बोट उचललं. पुढचं असेल की नसेल, याची त्यांना भीती वाटली. मग ओठ घट्ट मिटून पुन्हा दाबली आणि धरून ठेवली.

"झालं का?"

मास्तर ढसाढसा रडले. माझेही डोळे भरून आले. पुण्याचा माणूस थक्क होऊन पट्टीकडे बघत होता. ते शब्द त्याने कधी ऐकलेच नव्हते, कारण तोही आलापानंतर बोट उचलत असे. दाराबाहेर पुतण्या उभा होता. जामिनावर सुटल्यापासून मास्तरांनी त्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. त्यांनी डोळे पुसले आणि त्याला हाक मारली, "ये बे आत. पाहुण्याला पानी दे."

चहा झाल्यावर मास्तर म्हणाले, "साहेब, एक कागद करा. माझ्यामागं हे सगळं ह्या पुण्याच्या माणसाकडं जावं. विकत न्हाई, असंच. ह्यानं ते पुसलं न्हाई."

या प्रकरणातून काय शिकलात, असं नव्या अधिकाऱ्यांनी विचारलं की मी त्यांना त्या कागदाचीच गोष्ट सांगतो. मी सवयीने लिहायला घेतलं, एक जुना इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. मास्तरांनी माझा हात धरला.

"ते खाली लिवा. आधी फ्लॉपी."

मी ओळ खोडली, शेजारी सही केली आणि नव्याने लिहिलं: निळ्या पट्टीची फ्लॉपी एक. सोबत कीबोर्ड व इतर किरकोळ साहित्य.