आरशातला पीळ

नात अमळनेरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. काल तिने अंबाडीच्या दोराचा तुकडा आरशासमोर धरला आणि म्हणाली, "आजी, आरशात पीळ उलटा दिसतो. पण अख्खा दोर तसा उलटा वळला, तर तोही एवढाच पक्का होईल."

अंबाडीचा वास नाकात गेला आणि मला आमच्या गावची विहीर दिसली. मी दहा वर्षांची, डावखुरी. दोराचे दोन पदर थोरल्या बहिणीने, अक्काने वळले होते; तिसरा मी, डाव्या हाताने, म्हणून उलट्या पिळाचा. वडिलांनी, आबांनी तिन्ही एकत्र पिळले. पाणी शेंदताना दोर उकलला, तुटला आणि आईची पितळी घागर तळाला गेली.

आबा ओरडले, "आते डावा हात बांधी ठेव तुना!"

आईने खरंच चिंधीने बांधला. वर्षभरात मी उजवी झाले.

हे सगळं सांगून मी नातीला विचारलं, "मग तिन्ही पदर मीच वळले असते तर?"

"दोर टिकला असता. पण आजी, अणूच्या आत एका ठिकाणी निसर्गही डावं-उजवं करतो. तिथे आरशातलं खरं घडतच नाही."

"म्हणजे आबा बरोबर की मी?"

ती गेल्यावर मी डाव्या हाताने अंबाडी वळून पाहिली. पीळ आता अक्कासारखाच, उजवा पडला.