बुटक्या डब्यातली नांदुरा-लोणार

आमच्या साडूंइतका नियमाने जगणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. फक्त ते नियम माणसांचे नसून लाल गाडीचे आहेत, एवढंच. हयातभर त्यांनी एसटीची नांदुरा-लोणार गाडी चालवली, आणि निवृत्त होऊन नांदुऱ्यात घरी बसले तरी गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. कोणाच्याही घरी गेले की बैठकीतली पुढची, उजवीकडची खुर्ची धरतात. रस्त्याने पायी चालताना मागून कोणी घाईत आला, तर मान न वळवता हात बाहेर काढून त्याला साइड देतात. जावई असो, डॉक्टर असो की प्रेशर कुकर, पहिला प्रश्न एकच: "ॲव्हरेज काय देते?" पण सगळ्यात मोठा नियम म्हणजे डबल बेल. कंडक्टरने दोनदा घंटी मारल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, तसे साडू दोन टोले पडल्याशिवाय जागचे उठत नाहीत. जेवण झालं तरी ताटावर बसून राहतात. मग ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पेल्यावर चमचा दोनदा वाजवते, तेव्हा कुठे स्वारी हात धुवायला निघते. माझ्या लग्नात तर वरात भर उन्हात एका जागी खोळंबली होती, कारण सगळ्यात पुढे साडू उभे होते आणि ताशेवाला थांबतच नव्हता, त्यामुळे त्यातले दोन टोले नेमके कुठले धरायचे हे त्यांना कळेना.

एवढ्या गाडीवेड्या माणसाची बायको, पण ताई उभ्या जन्मात नवऱ्याच्या गाडीत बसली नाही. तिचं माहेर सुलतानपूर, आणि साडूंची गाडी रोज सुलतानपूरवरूनच लोणारला जायची. तरी माहेरी जायचं तर ताईने दुसरी गाडी धरायची, असा दंडक होता. "घरचं माणूस गाडीत असलं का ड्रायव्हरचं ध्यान आरशात राह्यते," हे साडूंचं म्हणणं. एकदा ताई दुसऱ्या गाडीने सुलतानपूरला उतरली आणि मागोमाग साडूंची गाडी येऊन थांबली. साडूंनी ओळख दाखवली नाही. जाताना एक हॉर्न तेवढा वाजवला. तो हॉर्न किती गोड होता, हे ताई अजून सांगते. मात्र एक शब्द त्यांनी तिला दिला होता: निवृत्तीच्या दिवशी, शेवटच्या फेरीला, गाडीला हार घालतील तेव्हा पुढच्या सीटवर तू बसशील आणि मी तुला माहेरी नेईन. ताईने त्यासाठी मोरपंखी साडी घेऊन ठेवली. आणि निवृत्तीला थोडे महिने उरलेले असताना काचबिंदूने साडूंचा एक डोळा नेला. गाडी हातची सुटली, शेवटचा दिवस डेपोतल्या टेबलावर गेला, साडी ट्रंकेत राहिली. दुसऱ्या डोळ्याचं डॉक्टरही काही खात्रीने सांगेनात.

अशात साडूंना कुठूनतरी समजलं की संगणकावर बस चालवायचा गेम असतो. घाट असतो, पॅसेंजर चढतात, उतरतात, आणि डोळ्यांची तपासणी कोणी मागत नाही. झालं. एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसातले जुने संगणक निघत होते, त्यातला एक त्यांनी स्वस्तात उचलला. ऑफिसात असतो तसा बुटका, चपटा डबा. जगात त्याला सीपीयू म्हणतात, साडू डबाच म्हणतात. हिशेब लिहायला बनवलेल्या त्या बिचाऱ्यावर त्यांनी घाट चढवायला घेतला. गाडी चालायची कसली, नुसते फोटो बदलत होते. वळण दिसायच्या आत गाडी दरीत. मी शनिवारी खामगावहून गेलो तेव्हा साडू कपाळाला हात लावून बसलेले. म्हटलं, "भाऊ, नवीनच घ्या ना एखादा." तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी टायर पंक्चर झालं म्हणून गाडी भंगारात घालायला सांगितली. "काऊन? इंजिन चांगलं आहे. ओव्हरहॉल करू."

ओव्हरहॉलची सुरुवात कूलरने झाली. खामगावच्या एका संगणकवाल्याला साडूंनी फोन लावला, जय भीम घातला आणि सांगितलं की डबा गरम होऊन बंद पडते. तो म्हणाला, "काका, कूलर पाहा, जाम झाला असंल. साफ करा नाहीतर बदला." आता आमच्या वऱ्हाडात, तेही मे महिन्यात, कूलर म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांसमोर काय येईल? साडूंनी घरातल्या पत्र्याच्या भल्याथोरल्या कूलरच्या बाजूच्या ताट्या बदलल्या, गवत नवीन भरलं, टाकीत पाणी ओतलं आणि ते धूड ओढत नेऊन डब्याच्या मागे उभं केलं. डब्याला असा गारवा आयुष्यात मिळाला नसेल. पंखा सुरू झाला, ओली हवा भपकन आत गेली, पडदा काळा झाला, आणि डब्याने मान टाकली. साडूंनी दुकानदाराला परत फोन लावला. "कूलर एक नंबर चालून राह्यला. डबाच गार झाला बाप्पा." तो कूलर डब्याच्या आत असतो, तळहाताएवढा, त्यात पाणी घालायचं नसतं, हे पटवता पटवता त्या भल्या माणसाचा घसा बसला.

मग डबा उघडून गच्चीवर ताईच्या वाळवणात गेला. एका बाजेवर कुरडया, सांडगे, आणि मधोमध संगणक. ताई दर थोड्या वेळाने कुरडया परतायची तशी तोही परतायची. "सुकला का बघा हो तुमचा पापड," म्हणायची. सुकल्यावर साडूंनी आतला तो इवलासा कूलर काढला, तर त्यात कापूस. जिनिंगमध्ये नोकरी केलेला डबा तो. पात्यांत, जाळीत सगळीकडे सरकीचा भुगा आणि कापूस ठासून भरलेला. बाहुलीची उशी भरेल एवढा निघाला. त्याच्याखालचा, गरमी ओढून घेणारा मलम वाळून खडू झाला होता, तो खरवडून नवा लावला. बटण दाबलं आणि डबा जिवंत झाला. साडूंनी मला फोन करून सांगितलं, "छातीत कफ होता त्याच्या. आता श्वास घेऊन राह्यला."

पुढचा मुक्काम खामगाव. गेम सुरळीत चालायचा तर ग्राफिक्स कार्ड पाहिजे, हे साडूंना आता ठाऊक झालं होतं. मला सोबत घेऊन ते त्याच दुकानात गेले आणि काउंटरवर हात ठेवून विचारलं, "कार्ड दाखव. ॲव्हरेज काय देते?" मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहायला लागलो. पण दुकानदार खूशच झाला. म्हणाला, "काका, सगळे स्पीड विचारतात. तुमच्या डब्याचा पावर सप्लाय लहान आहे, त्याच्यासाठी हाच प्रश्न बरोबर. कमी पेणारं कार्ड पाह्यजे, अन् तेही लो प्रोफाइल."

"म्हंजे बुटकं न? मंग मराठीत सांग न."

वापरलेलं, बुटकं, वेगळी वायर न मागणारं असं एक कार्ड त्याच्याकडे निघालं. रॅमची एकच पट्टी होती, तिच्या जोडीला दुसरी घेतली. "एकटा ड्रायव्हर काय करन, कंडक्टर पाह्यजे न," हे दुकानदाराचं म्हणणं साडूंना लगेच पटलं. कार्डाची मागची लोखंडी पट्टी मात्र उंच निघाली, डब्याचं झाकण लागेना. ती नांदुऱ्यात पत्र्याचे कूलर बनवणाऱ्याकडून कापून आणली. अशा रीतीने कूलरवाला शेवटी कामाला आलाच.

मग रविवारचा मुहूर्त धरला. सकाळीच मी आणि बायको पोचलो. साडूंनी खाकी घातली होती. डब्याला झेंडूचा हार. आणि आतल्या खोलीतून ताई आली ती मोरपंखी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन, माहेरी निघालेल्या बाईसारखी. मला हसू येत होतं, ते दाबून मी तिला खुर्ची सरकवून दिली. ती साडूंच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसली. तिने डबल बेल दिली. साडूंनी गाडी काढली आणि पुन्हा तेच, फोटो बदलायला लागले. झटका, झटका, दरी. ताई हळूच म्हणाली, "राहू द्या, मी साडी बदलते," आणि उठली. साडूंचा चेहरा इतका उतरलेला मी डोळा गेला तेव्हाही पाहिला नव्हता. मीही म्हटलं, "भाऊ, जाऊ द्या आता."

पण ब्रेकडाऊन झालेली गाडी सोडून जाणारा ड्रायव्हर तो नव्हे. बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग खालून हसण्याचा आवाज आला.

"फलाट चुकला बे! नवी गाडी बाजूच्या फलाटावर लागून राह्यली, अन् पॅसेंजर जुन्याच गाडीत बसून!"

पडद्याची वायर जुन्याच भोकात होती. नवं कार्ड आपलं रिकामंच उभं. साडूंनी वायर काढून कार्डात खोचली, वर आले, केसांतलं जाळं झटकलं आणि आत हाक मारली, "चाल वं, गाडी लागली!"

ताई पुन्हा येऊन बसली. पेल्यावर दोन टोले पडले. आणि साहेब, काय गाडी निघाली! झटका नाही, अडखळणं नाही. साडूंची चालवायची ख्यातीच अशी की उभ्या पॅसेंजरलाही दांडा धरावा लागू नये, तशीच. कुठल्या परक्या देशातला बर्फाळ डोंगर होता तो, पण साडू एकेक थांबा पुकारत होते: मोताळा आलं, हा राजूर घाट, बुलढाणा, चिखली, मेहकर. वळणावर ते झुकायचे तशी ताईही झुकायची, आणि मागे आम्ही नवरा-बायकोही. अख्खं घर घाट चढत होतं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी वाजवल्या. फक्त एका सरळ रस्त्यावर, जिथे काहीच नव्हतं, तिथे गाडी मैलाच्या दगडाला घासली. कारण साडू समोर पाहतच नव्हते. चांगला डोळा सारखा डावीकडे जात होता. एवढ्या वर्षांचं त्यांचं म्हणणं खरंच होतं म्हणायचं.

शेवटच्या थांब्यावर त्यांनी गाडी अलगद उभी केली, दार उघडलं आणि म्हणाले, "चाल, सुलतानपूर."

ताईने पडद्यावरच्या बर्फाकडे पाहिलं. "आमच्या गावाला बर्फ कधीपासून पडायला लागला?"

"तू किती वर्षांत गेली नाहीस, मंग तुले कसं समजन?" साडू म्हणाले. "उतर न."

ती हसली. पिशवी उचलली, आणि परत मांडीवर ठेवली. "उतरून काय करू? आई गेली, घराला कुलूप आहे. तुमच्या गाडीत बसायचं होतं, ते बसले." मग तिने चमचा घेतला आणि पेल्यावर दोनदा वाजवला.

साडूंनी चष्मा काढून पुसला, दोन्ही काचा पुसल्या, गेलेल्या डोळ्याची सुद्धा. मग दार लावलं, आरशात पाहिल्यासारखं एकदा डावीकडे पाहिलं, आणि परतीची गाडी काढली.