टपावरची खुर्ची

दोन्ही गुडघे बदलून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "मावशी, मांडी घालायची नाही, जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं तर अजिबात नाही." मी म्हटलं, बरं. माझा जन्म गेला जमिनीवर बसून. विद्यापीठाजवळ पोरांची खानावळ चालवली मी, पोळपाटापुढं बसून पोळ्यांच्या चळती लावल्या. गुडघे काय लोखंडाचे होते का? आता आहेत म्हणा, निदान थोडेफार. उभ्यानं स्वयंपाक जमला, खुर्चीवर बसून देवपूजा जमली, घरी कमोड बसवून घेतला. एकच गोष्ट जमेना, माहेरी मुक्काम.

माझं माहेर खुलताबादच्या खालच्या अंगाला, सडकेपासून जरा आत. आई तिथं भावाजवळ असते. घर चांगलं स्लॅबचं आहे, मागच्या अंगणात संडासही आहे, पण तो उकिडवं बसायचा. म्हणून मी सकाळी जायचे आणि उन्हं उतरायच्या आत निघायचे. आई म्हणायची, "ऱ्हा की एक रात." मग मी काहीतरी ठोकून द्यायचे. ह्यांच्या जेवणाचं बघायचंय, उद्या गॅसवाला येणारे. एकदा तर शेजारी त्यांचं कुत्रं माझ्यावर सोपवून गेलेत म्हणून सांगितलं. शेजाऱ्यांकडं कुत्रं नाही, मांजरसुद्धा नाही.

मागच्या दिवाळीत आई भावजयीशी बोलत होती, पण मला ऐकू येईल अशा बेतानं. म्हणाली, "शहरातली बाई झाली ती आता. आपल्या घरात झोप लागत नाय तिला." ते मला लई लागलं. परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून रडले. पण सांगू कसं? भावाला एक शब्द बोलले असते तर दुसऱ्या दिवशी त्यानं दारात गवंडी उभा केला असता, आणि गवंड्याच्या मागून अख्खी गल्ली विचारायला आली असती. पोट दुखतं म्हणून सांगता येतं, डोकं दुखतं म्हणून सांगता येतं. हे दुखणं कुणाला सांगणार? आई थकत चालली आहे, तिच्याजवळ एक रात्र झोपायला मिळत नाही, आणि कारण काय तर संडास. मला माझीच चीड यायची.

तर अशात आमच्या शाळेच्या ग्रुपवर सहलीचं निघालं. औरंगपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. आता सगळ्यांचे केस पांढरे, काहींचे मेंदीनं लाल. वर्गाची मॉनिटर होती ती अजून मॉनिटरच आहे. तिनं फर्मान काढलं की कन्नडच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला, नदीकाठी एका शेतकरी नवराबायकोनं तंबू टाकलेत, हुरडा आहे, चुलीवरचं जेवण आहे, एक मुक्काम करायचा, नवरे आणायचे नाहीत. मी तिला फोन करून विचारलं, "संडासाची सोय आहे ना गं?" ती म्हणाली, "आहे की, एकदम स्वच्छ." कसला आहे, वर बसायचा की खाली, हे विचारायला माझी जीभ रेटेना. पोळी करपली तर पोरांना खडसावणारी मी बाई, पण तिथं गप्प बसले. स्वच्छ म्हणजे कमोडच असणार असं मनाशी धरलं आणि हो म्हणाले. खरं तर मला बघायचं होतं, आपल्याला घराबाहेर रात्र काढता येते का. इथं जमलं तर पुढचं माहेर.

आता एक बायकी रीत सांगते. प्रवासाला निघायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचं. हे कुणी शिकवत नाही. आई करायची, मावशा करायच्या, लग्नाच्या वऱ्हाडात निघालेली प्रत्येक बाई करायची. वाटेत कुठं उतरायचं, कुठं आडोसा शोधायचा, त्यापेक्षा घसा कोरडा बरा. मीही तेच केलं. सकाळी गोळ्या घेण्यापुरता घोट घेतला, तेवढाच.

जीप भाड्याची होती. टपावर अंथरुणं-पांघरुणं बांधली होती. वेरूळ मागं टाकलं, कन्नड मागं टाकलं, मग डांबरी संपली आणि तुरीच्या शेतांमधून धूळ उडवत आम्ही नदीवर पोचलो. जागा मात्र देखणी होती. हिवाळ्यातलं नितळ पाणी, खडकांमधून वाट काढत चाललेलं, पलीकडं डोंगर. काठाला करंजाची झाडं, त्याखाली चार तंबू, एक हापसा, तीन दगडांची चूल आणि पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. मी आधी त्या खोल्यांकडं गेले. एक न्हाणी होती, दुसरीचं दार उघडलं. चुन्यानं रंगवलेल्या भिंती, पाण्याची टाकी, डबा, सगळं लख्ख. आणि खाली सिमेंटमध्ये बसवलेलं ते पांढरं भांडं, उकिडवं बसायचं.

म्हटलं, झालं, सहल इथंच संपली. जीपवाला उद्या दुपारी येणार होता आणि मोबाइलला रेंज नव्हती. मग मी ठरवलं की उद्या दुपारपर्यंत पाणी प्यायचं नाही आणि खायचंही नावापुरतं. बाकीच्या हुरड्यावर तुटून पडल्या होत्या. गरम गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, दही. त्या शेतकरीण बाईनं माझ्या ओंजळीत हुरडा ओतला, मी चार दाणे चघळले आणि बाकीचे मॉनिटरच्या ताटात सरकवले. चहा आला, नको म्हटलं. मॉनिटर म्हणाली, "हिचे नखरे बघा, हिला आमच्या हातचं चालत नाही." हसले आणि नदीकाठी एका मोठ्या दगडावर जाऊन बसले. पुढ्यात एवढं पाणी वाहत होतं आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती.

ऊन हिवाळ्यातलं असलं तरी ऊनच ते. उठायला गेले तर डोळ्यांपुढं अंधारी आली. पडले असते, पण शेजारी माझ्या बाकावरची मैत्रीण होती, तिनं धरलं. शाळेत आम्ही सगळी वर्षं एका बाकावर काढली. तिच्या वडलांचं औरंगपुऱ्यात शिवणकामाचं दुकान होतं, आता तिचं स्वतःचं फॉल-पिकोचं आहे. बोलते अशी की मराठी कुठं संपली आणि दखनी कुठं सुरू झाली ते कळू नये.

तिनं मला टेकवलं, तोंडावर पाणी मारलं आणि बारीक आवाजात विचारलं, "सकाळपासून पाणी किती पिलीस?"

मी म्हटलं, "पिले की."

"झूट नको बोलू. ओठ बघ तुझे. क्या गे, मरना है क्या?"

आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. पत्र्याची खोली, गुडघे, आई, ते शेजाऱ्यांचं कुत्रं, सगळं. नवऱ्यालासुद्धा इतकं धड सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "इतकंच? कायकू लपवती गं? थांब."

ती आमच्या तंबूत गेली आणि अंथरुणांच्या ढिगातून जुन्या चादरीचं एक मोठं गाठोडं ओढत घेऊन आली. येताना ते टपावर होतं. मी समजले होते की गादी आहे. चादर सोडली तर आत प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची, मंगल कार्यालयात असते तसली. बसायच्या जागी मधोमध गोल कापलेली. कापलेल्या कडेला काळ्या रेक्झीनचा गोट लावलेला, ब्लाउजच्या गळ्याला लावतात तसा, बारीक टाक्यांनी शिवलेला.

"माझे गुडघे तुझ्याआधी गेले," ती म्हणाली. "ऑपरेशनला मी भिते. ही घेऊन मी लग्नाला जाते, मय्यतला जाते, लेकीच्या सासरी जाते. भांड्यावर ठेवायची नि रानीसारखं बसायचं. कड लागती म्हणून गोट मारला." हे ती लाजून नाही, अंगावरचा ड्रेस दाखवावा तसं सांगत होती.

खुर्ची खोलीत नेऊन ठेवली. बाहेर आले तेव्हा मला जग जिंकल्यासारखं वाटलं, हसायचं तर हसा. हापशाचं गार पाणी तांब्याभर प्याले, परत तांब्याभर प्याले. शेतकरीण बाईला म्हटलं, "बाई, तो हुरडा उरलाय का काही?"

मॉनिटरला हे लपणार थोडंच. "अगं, सिंहासन आणलंय यांनी," म्हणून सगळ्यांना बोलावून आली. खिदळून झालं, टोमणे मारून झाले. आणि मग अर्ध्या तासानं तीच बाई इकडंतिकडं बघत माझ्या कानाशी आली, "मी वापरली तर चालेल ना गं? माझा डावा गुडघा..." तिच्यानंतर दुसरी आली, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत कळलं की सहापैकी पाचजणी पाणी तोडून आल्या होत्या. आमची बाकावरची तेवढी भरल्या पोटानं आली होती.

रात्री वांग्याचं भरीत, ठेचा, चुलीवरची भाकरी असं दणकून जेवले. झोपायला त्या शेतकरीण बाईनं स्वतःच्या घरातली बाज आणून दिली, खाली झोपता येत नाही हे मी एकदाच सांगितलं होतं. नदीचा आवाज ऐकत पडले. इतक्या मोकळ्या मनानं मी किती दिवसांत झोपले नव्हते. मैत्रिणीचे उपकार मानायचे म्हणून तिच्या पायांवर माझी शाल टाकली. ती झोपेत म्हणाली, "गर्मी होती गं."

दुसऱ्या दिवशी परत फिरलो. कन्नड आलं, मोबाइलला रेंज आली, तशी तिनं माझ्या हातात फोन दिला. "लाव भावाला. खुर्ची तू घेऊन जा, मी दुसरी कापते. दोन तासाचं काम." मी लावला आणि म्हटलं, "मी येते रे. मुक्कामाला." पलीकडं भाऊ ओरडला, "आई, ताई मुक्कामाला येऊ लागली."

जीप माहेरच्या फाट्यावरून आत वळवली. घरापुढं उतरलो तर भावजय दारातच होती. माझ्या मैत्रिणीनं गाठोडं सोडलं, खुर्ची तिच्या हातात दिली आणि भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या सुरात सांगितलं, "हिला खाली बसता येत नाय. ही आत ठेवा, पाणी मारलं की साफ." भावजय म्हणाली, "बरं झालं सांगितलं," आणि खुर्ची मागं घेऊन गेली. दोन वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढ्यात उरकलं. आई ओट्यावर बसून सगळं बघत होती. चहा घेऊन माझ्या मैत्रिणी निघून गेल्या.

दोन रात्री राहिले. आईच्या खोलीत, तिच्या बाजेला बाज लावून. ती बोलत राहायची, मी हं हं करत राहायचे. तिच्या हाताला अजून तोच चुलीचा वास येतो. तिला म्हटलं, तू म्हणायचीस ना मला इथं झोप लागत नाही. ती म्हणाली, "म्हणायची. चुकलं माझं." दुसऱ्या दिवशी जेवताना भावजय खूश होऊन म्हणाली, "अक्का, आईंनी आज दीड भाकरी खाल्ली. एरवी चतकोरावर उठतात, तुम्ही आलात तर भूक लागली त्यांना." आपल्या पायगुणानं आई जेवली म्हणून मी मनातल्या मनात फुशारून गेले.

निघायच्या दिवशी भावानं मोटारसायकल काढली, मला फाट्यापर्यंत सोडायला. खुर्ची धुऊन मागं दोरीनं बांधली. आईच्या पाया पडायला वाकता येत नाही म्हणून मी तिचे दोन्ही हात कपाळाला लावले. तिनं हात सोडले नाहीत. खाली बघत, भावाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "खुर्ची ऱ्हाऊ दे इथंच."

मी म्हटलं, "अगं, मी पुढच्या वेळी येताना घेऊन येईन की."

"तुझ्यासाठी नाय म्हणत," आई म्हणाली. "दोन दिस झाले, म्या पोटभर जेवू लागले."

मी भावाला दोरी सोडायला सांगितली.