मागच्या रांगेतलं मशीन

"सवलतीत सीट मिळते, डोकं मिळत नाही."

सर माझ्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाले. शहापूरच्या आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. प्रॅक्टिकलची परीक्षा. पहिली रांग खो खो हसली. माझ्या पडद्यावर एकच तक्रार होती: ग्राफिक्सची हेडर फाइल सापडत नाही.

हेडर फाइल म्हणजे प्रोग्रामला लागणारं तयार सामान. ते मशीनमध्ये कुणीतरी आधी टाकून ठेवावं लागतं. पहिल्या रांगेत ते होतं, कारण तिथे सरांच्या खासगी क्लासची मुलं बसायची. आम्ही मागे. पहिल्याच हजेरीला सरांनी वाटणी केली होती, "स्कॉलरशिपवाले मागच्या रांगेत." आम्हीही मुकाट जाऊन बसलो होतो.

मी फाइलचं नाव तपासलं. बरोबर होतं. प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर जिथे फाइल शोधतो तो फोल्डर उघडला. फाइलच नाही. भाकऱ्या थापायला सांगायचं आणि पीठ कुलपात ठेवायचं, तशी गत.

"सर, या मशीनमदी फाइल टाकलेलीच नाय."

सरांनी फोल्डरकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातातून माउस ओढला आणि जी ओळ फाइल मागत होती, तीच पुसून टाकली. कॉम्प्युटर शिकवणारा माणूस! एक चूक होती, तिच्या पडदाभर झाल्या. सर खूश.

"बघा. हिचं सगळंच चुकलंय."

मला रडू नाही आलं. किळस आली. हा माणूस वर्गात आला की आम्ही उठून उभे राहायचो.

मग त्यांचा आवाज मऊ झाला. "सगळ्यांसमोर म्हण, मला जमलं नाही. पास करतो. तुमच्या लोकांना सांभाळूनच घ्यावं लागतं."

किन्हवलीहून माझ्यासोबत एसटीने येणारी मैत्रीण शेजारी होती. कुजबुजली, "म्हण गो. वर्ष जाईल नायतर."

वर्ष गेलं की स्कॉलरशिप जाणार, स्कॉलरशिप गेली की कॉलेज सुटणार. सरांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते एवढे दानशूर झाले होते.

माझ्या पणज्याने मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा त्याला कुणी पास केलं नव्हतं.

"नाय म्हणनार," मी म्हणाले.

पुसलेली ओळ परत लिहिली. प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेतला, पहिल्या रांगेतल्या रिकाम्या मशीनवर जाऊन बसले आणि चालवला. परीक्षेत मागितलेला गोल पडद्यावर उमटला, व्यवस्थित.

"तुझी जागा ती नाही," सर म्हणाले आणि मला नापास केलं. त्यांच्याकडून दुसरं काय होणार?

वर्ष गेलं. स्कॉलरशिप गेली. आता मुरबाडच्या एका कारखान्यात पॅकिंग करते आणि तीच परीक्षा पुन्हा देणार आहे. त्याच लॅबमध्ये, त्याच सरांसमोर. बसणार पहिल्या रांगेत. मला उठवायचं असेल तर सरांनी आधी मागच्या मशीनमध्ये ती फाइल टाकावी.

टाकली, तरी मी उठणार नाही.