पुठ्ठ्यातली तबकडी
आज रद्दीच्या दिवशी ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि जपानात ओजिमाला लेकीकडे राहायला आले, त्या पहिल्या वर्षाची एक सकाळ आठवली. खालच्या मजल्यावरच्या जपानी आजोबांनी रद्दी बाहेर ठेवली होती. वरचा जाड, चौकोनी पुठ्ठा पीठ चाळताना खाली घ्यायला बरा वाटला, म्हणून मी उचलून आणला. आत गाण्याची काळी तबकडी निघाली. जावई म्हणाले, "आई, हा तर गँगस्टा रॅपचा जुना अल्बम! पण इथे दुसऱ्याचा कचरा उचलायचा नसतो हो. तक्रार झाली तर घर सोडावं लागेल. संध्याकाळी मी येतो बरोबर, परत देऊ." संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर राहिला नसता. मी एकटीच खाली उतरले आणि जपानात पहिल्यांदा कुणाची बेल वाजवली. "सुमिमासेन," माफीचा एवढाच शब्द मला येत होता. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी आतून दुसरी तबकडी आणली. तिच्या पुठ्ठ्यावरच्या फोटोत पाच पोरं उभी होती. त्यातल्या एकावर ठेवलेलं बोट त्यांनी माझ्या पुठ्ठ्यावर आणलं. तोच चेहरा, पण एकटा. "हितोरी," ते म्हणाले. बूट घालताना माझी नात असंच ओरडायची, म्हणजे एकटीनं घालणार. तर हा गायक बाकीच्या चौघांना सोडून एकट्यानं गायला होता. मग त्यांनी मी आणलेली तबकडी लावली. गायक भांडल्यासारखा धडाधड बोलत होता. मला अक्षर कळलं नाही, तरी पाय ठेका धरून हलत होता. आजोबांनी माझ्याकडे बोट केलं, "हितोरी?" एकटीच आलात का, असं विचारत असावेत. मी हो म्हणून मान डोलावली. ती तबकडी त्यांनी रद्दीत टाकली नाही, कपाटात ठेवली. आता आमच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं की पहिली बेल मीच वाजवते, एकटीनं.